थरथरणाऱ्या हातावरचा भंडारा

मी यकृताचं काम फार सुरेख करायचो. हे माझं मत नाही. पाचोडच्या आठवडी बाजारात आमचं दारूवरचं पथनाट्य बघितलेल्या कुणालाही विचारा. अंगावर तपकिरी घोंगडी, आत पोटाशी बांधलेला फुगा, तोंडाला पिवळा रंग. सतरंजीवर लोळत मी ओरडायचो, "मालक, अहो मालक! कालची अजून जिरली नाही तोवर आजची पाठवली? मला रविवारची सुट्टी नाही का?" भाजीवाल्या बायका पदर तोंडात धरून हसायच्या. पाचव्या मिनिटाला मी सुजायचो, म्हणजे हळूच फुगा फुगवायचो. दहाव्या मिनिटाला मी मेलो की अख्खा बाजार गप्प व्हायचा. एवढी शांतता माझ्या लग्नात मंगलाष्टकांनाही मिळाली नव्हती.

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून मला बावीस वर्षं झाली. आमचं केंद्र शहरातल्या क्रांती चौकापासून चालत जाण्याइतकं. तिथं डॉक्टर औषध देतात, सिस्टर सुई टोचतात आणि मी बोलतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत सगळे भिक्षुक. वडील कचेरीत कारकून झाले आणि घरातले मंत्र संपले, पण आवाज एक पिढी ओलांडून माझ्याकडं आला. आवाज चांगला असलेल्या माणसाला ऐकायची सवय लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे दारू वाईट आहे हे पटवून देणं. अहो, ते पिणाऱ्याइतकं कुणालाच पटलेलं नसतं. आमचं खरं काम विचारण्याचं. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. किती घेता, तर म्हणाले, "फक्त दोन." माझ्या टेबलावर स्टीलचा पेला आणि पाण्याचा तांब्या असतो. म्हटलं, "सर, एक म्हणजे किती ते यात ओतून दाखवा." सरांनी पेला काठोकाठ भरला. मी विचारलं, "मग यात पाणी कुठं मावतं?" सर शांतपणे म्हणाले, "पाणी मी नंतर जेवताना पितो."

दुसरे एक गृहस्थ. त्यांची बायको त्यांना न सांगता वरणात गोळी मिसळायची. ती गोळी पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, आणि रक्तदाब इतका उतरू शकतो की माणूस हातचा जातो. म्हणून ती डॉक्टरांनीच द्यायची, आणि घेणाऱ्याला सगळं सांगून, तो हो म्हणाला तरच. या गृहस्थांना काहीच सांगितलेलं नसल्यामुळं त्यांनी आपल्या परीनं शोध लावला, की आपल्याला बायकोचं वरण बाधतं. ते आमच्याकडं आले, ते वरण सोडवायला.

हे दोन्ही किस्से मी वर्षानुवर्षं रंगवून सांगतोय. का नाही सांगणार? दोन्हींत चूक दुसऱ्याची आहे.

आता माझी सांगतो. त्याआधी एवढं समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू म्हणजे दाराच्या एका बाजूनं जीव खाऊन ढकलणारा माणूस. दुसऱ्या बाजूनं दारू दार दाबत असते, त्यामुळं दार जागेवर दिसतं. दारू एकदम बाजूला झाली की ढकलणारा धाडकन तोंडावर आपटतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एकदोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि काही जणांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात: नसलेलं दिसतं, असलेली माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं. ही अवस्था जीव घेऊ शकते. सगळ्यांचं असं होत नाही, पण कुणाचं होऊ शकेल याचा अंदाज विचारल्याशिवाय येत नाही. किती वर्षं पिता? रोज किती? सकाळी हात थरथरतात का, आणि एक घोट घेतला की थांबतात का? मागं कधी सोडली तेव्हा झटके किंवा भास झाले होते का? आणि शेवटचा घोट कधी घेतला? आमच्याकडं शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हे पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतो. कुणी एक प्रश्न विसरलं की मी छातीवर हात मारून म्हणतो, "गेला! तुझा पेशंट गेला!" वर्गात हशा होतो.

तर पाचोडचा बाजार. यकृत मेलं की लोक हळहळायचे आणि भाजी घेऊन घरी जायचे. मला शेवटाला काहीतरी दणदणीत हवं होतं. मग मला भंडाऱ्याची कल्पना सुचली. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. त्या भागातल्या मेंढपाळ घरांत कुणी भंडारा हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नाहीत. मग जीव जावो. मी ताम्हणात हळद घेतली, मेलेल्या यकृताच्या घोंगडीतून उठून उभा राहिलो आणि आजोबांच्या आवाजात म्हणालो, "आहे का कुणी मर्द, जो आज, आत्ता, या देवासमोर सोडील?"

पहिल्याच खेपेला गर्दीतून एक जण आला. त्याचं नाव मल्हारी. चाळिशीतला, उंच, डोक्याला लाल पटका. मेंढ्यांच्या कळपामागं चालून चालून पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. त्याच्या मागं त्याची बायको, गयाबाई, हातात बाजाराची पिशवी. मल्हारीनं ताम्हणाकडं हात नेला आणि तो हात असा थरथरत होता की हळद बोटांतून गळायला लागली. कपाळावर घामाचे थेंब. सकाळचे अकरा वाजले होते आणि वारा गार होता.

मला कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. एवढ्या गार वाऱ्यात फुटलेला घाम आणि तो हात बघून मला क्षणभर कळलं होतं, की याला सकाळचा घोट मिळालेला नाही. मी त्याला बाजूला घेऊन ते सगळे प्रश्न विचारायला हवे होते. पण समोर दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. मी त्याचं मनगट धरून वर उचललं आणि गरजलो, "बघा, हात कसा थरथरतोय! हा पश्चात्ताप आहे! देव याच्या हातात उतरलाय!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केंद्रात हाच प्रसंग करून दाखवत होतो, तेवढ्यात गयाबाईंचा फोन आला. आदल्या दिवशी मीच नंबर दिला होता. माझा विजय सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मी स्पीकर चालू केला.

"सर, मालकाचे हात लईच थरथरायलेत. रातभर झोप नाय. पोटात काय ठरना. जरासा घोट देऊ का औषधावानी?"

"अजिबात नाही!" मी म्हणालो. "गयाबाई, भंडारा उचललाय त्यांनी. दोन दिवसांचा खेळ आहे. लिंबू-सरबत द्या आणि देवाचं नाव घ्या."

"भंडाऱ्यामुळंच घाबरायलेत सर ते. म्हणतेत, मेलो तरी पिणार नाय."

"वा!" मी म्हणालो. आजूबाजूला बसलेल्यांनी खरोखर टाळ्या वाजवल्या.

आमच्या सिस्टर तेवढ्या वाजवत नव्हत्या. त्या औषधांच्या कपाटापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, भरती करायला सांगा ना. किती पितात विचारलंत का?"

"सिस्टर," मी म्हणालो, "तुमच्या सगळ्या सुया एकीकडं आणि भंडारा एकीकडं." पुन्हा हशा. फोन तोवर बंद झाला होता. पुन्हा लावायला किती वेळ लागतो? मी लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला गयाबाईंचा फोन आला. या वेळी मी स्पीकर लावला नाही.

"सर, मालकाला घरात लांडगा दिसायलाय. काठी घेऊन बाजंवर हाणायलेत. लोक म्हणतेत अंगात आलंय. देवळापुढं नेलंय."

सिस्टरांना आणि ड्रायव्हरला घेऊन मी केंद्राची जीप काढली. बीड रस्त्यानं आडूळ मागं पडलं तरी कुणी बोललं नाही. मीही नाही, यावरून काय ते ओळखा.

देवळापुढं ढोल चालला होता. चौघांनी मल्हारीला धरलं होतं. कपाळभर भंडारा, डोळे तारवटलेले, अंग तव्यासारखं. तो हवेत कुणाला तरी हाकलत होता, "हाट्! हाट्!" मी पुढं झालो आणि म्हणालो, "हा आजार आहे. याला ताबडतोब दवाखान्यात न्यायचंय."

एक म्हातारा माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं. "परवा बाजारात तर तुम्हीच म्हणला व्हता सर, देव ह्याच्या हातात उतरलाय म्हणून. आता आजार कसा?"

बावीस वर्षांत मला शब्द सुचला नाही असं तेव्हा पहिल्यांदा झालं. सिस्टरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडं असं पाहिलं, की त्यापेक्षा त्यांनी दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या गावाला परक्या होत्या, आणि चौघं काही मल्हारीला सोडेनात.

मग गयाबाई पुढं आल्या. ढोल वाजवणाऱ्याच्या हातावर हात ठेवून त्यांनी ढोल थांबवला. नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या. "मालक, मी कोण?"

मल्हारी त्यांच्याकडं बघत राहिला. "बाई, बाजूला सर. मेंढरं खाईल ते."

"माझं नाव काय?"

तो पुन्हा हवेकडं वळला, "हाट्!" गयाबाई गावाकडं वळल्या. "देव अंगात आला की तो सगळ्यायला वळखतो. मेलेल्यायला बी वळखतो. ह्यायला त्यायची बायकू वळखू येईना. ह्यो देव नाय. उचला."

त्यांनी उचललं.

शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीनं त्याला तपासलं. पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" दुसरा, "रोज किती?" मला दोन्ही उत्तरं माहीत नव्हती. गयाबाईंनी दिली. मग ती वैतागून म्हणाली, "याला एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. गयाबाईंनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "कुणी नाय बाई. देवापायी त्यायनं आपल्या मनानं सोडली."

डॉक्टर माझ्याकडं वळली. माझ्या गळ्यात केंद्राचं ओळखपत्र होतं. "बरं झालं तुम्ही वेळेत आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

आता बोलायला हवं होतं. मी बोललोही. मी म्हणालो, "डॉक्टर, आमचं कामच आहे ते."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्या आजही आमच्याच केंद्रात आहेत. त्यांनी ते कधीच उकरून काढलं नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही.

मल्हारी वाचला. अकरा दिवस तिथं होता. पण वर्षानुवर्षांच्या दारूनं आणि धड न जेवल्यानं त्याच्या शरीरातलं एक जीवनसत्त्व संपत आलं होतं. त्यात ते तीन दिवस पोटात काही टिकलं नव्हतं. वेळीच भरती झाला असता तर पहिल्या तासातच त्याची इंजेक्शनं सुरू झाली असती. सरबतात ते जीवनसत्त्व नसतं, आणि ते संपलं की आठवण जाते. डॉक्टर म्हणाली, स्मरणशक्ती थोडी येईल, सगळी येईल असं नाही.

यानंतर माणसानं घोंगडी जाळून टाकायला हवी. मी काय केलं? भंडारा बंद केला, पण यकृत चालू ठेवलं, आणि शेवटाला मल्हारीची गोष्ट सांगायला लागलो. नाव बदलून, बरं का. गुप्तता आम्ही काटेकोर पाळतो. माझ्या गोष्टीत एका मेंढपाळानं आपल्या मनानं दारू सोडली. त्याच्या बायकोनं मला फोन केला आणि मी फोनवरच रोग ओळखून ओरडलो, "बाई, एक क्षण थांबू नका! मी निघालो!" पुढं जीप, ढोल, आणि "माझं नाव काय?" हा प्रश्नसुद्धा मीच विचारायचो. वर्षभर सांगितली. दर खेपेला थोडी आणखी चांगली जमायची.

पुन्हा पाचोडची पाळी आली तेव्हा मला वाटलं, एवढ्या गर्दीत कोण ओळखणार आहे. मी "एक क्षण थांबू नका!" म्हणून हात उंचावला आणि माझी नजर खाली गेली. मेथीच्या जुड्यांच्या मागं, अगदी पहिल्या रांगेत, गयाबाई बसल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. गर्दी पांगल्यावर जवळ आल्या.

"चांगलं सांगता सर."

मी घोंगडीची घडी घालायला लागलो.

"घराकडं या एकदा. काम हाय."

चार दिवसांनी गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, नेहमीप्रमाणं. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, कोरा चहा दिला. समोर काट्यांच्या कुंपणाच्या वाड्यात मल्हारी मेंढ्यांत उभा होता. अंगानं भरला होता, वर्षभर थेंब घेतला नव्हता. मला बघून हसला आणि म्हणाला, "या पाव्हणं, कुठलं गाव?" पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

मेंढ्या नुकत्याच व्यायल्या होत्या. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर एका रंगाचा ठिपका होता आणि तिच्या कोकराच्या पाठीवर तोच रंग. मी विचारलं, हे कशासाठी? गयाबाई म्हणाल्या, "जुन्या मेंढ्या समद्या वळखतेत. नावानं हाका मारतेत. नवी कोकरं ध्यानात ऱ्हाईनात. कुणाचं पिल्लू कुणाला लावतेत. मेंढी दुसरीचं पाजीत नाय सर, ढुशी मारती. दोन मेली तशी."

जुळवलेलं सगळं मी विसरलो. म्हणालो, "गयाबाई, तुम्ही घोट देऊ का विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. बाजारात त्यांचा हात बघितला तेव्हाही माहीत होतं. मी दवाखान्यात बोललो नाही."

"मला तवाच कळलं व्हतं. तुमचं तोंड बघून."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

त्यांनी आत हाक मारली, "खंडूभाऊ, भायेर या." घरातून त्यांचा दीर बाहेर आला. मल्हारीचीच उंची, तोच पटका. बाज धरून हळूच बसला. "हे बी पितेत. मालकापरीस जास्त. तुमचं नाव तिथंच खराब झालं असतं तर ह्यायला घेऊन मी कुठं जाणार व्हते? आमच्या बाजारात दुसरं कोण येतंय?" मग थांबून म्हणाल्या, "आता ह्यायला इचारा. समदं इचारा. मी हितंच बसते."

मी विचारलं. हळू आवाजात, एकेक. खंडूनं सांगितलं. किती वर्षं, रोज किती. सकाळी हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस सोडली होती तेव्हा रानात झटका येऊन पडला होता. हे त्यानं भावजयीलाही सांगितलं नव्हतं. गयाबाईंनी कपाळाला हात लावला, पण मधे बोलल्या नाहीत. शेवटचा घोट आज सकाळचा होता.

"मग आज सोडायची नाही," मी म्हणालो.

"काय?"

"बंद करायची नाही. रोजच्यापेक्षा जास्त नको, पण एकदम बंदही नको. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं. तिथं औषधं देऊन सोडवू."

"भंडारा नाय उचलायचा?"

"नाही."

खंडू हसायला लागला. "वैनी, दारू सोडवायला आणलेला माणूस पी म्हणायलाय!"

गयाबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर वाड्याकडं होती. "मालक, हिरवं हिरव्याला," त्यांनी हाक दिली. मल्हारीनं हातातल्या कोकराकडं पाहिलं, मग मेंढ्यांकडं, आणि शोधायला लागला. गयाबाईंनी मला विचारलं, "उद्या किती वाजता?"

"मी जीप घेऊन येतो. सातला."

"सातला ह्यायचा पयला घोट असतो."

"घेऊ दे," मी म्हणालो. "मी थांबतो."